तांबडा कण

हे घरात ठाऊक नाही. हिला सांगितलेलं नाही, आणि हिच्यापासून लपवलेलं माझ्याकडे दुसरं काही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच बहुधा.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. तयार झालेला नग मोजायचा, बरोबर असला तर पुढे पाठवायचा, नसला तर बाजूला ठेवायचा. मोजायची सवय मला पहिल्यापासून. रद्दी घालताना मी आधी रिकाम्या तराजूचा काटा बघतो. हीसुद्धा त्यावरून हसते. काळेसाहेबांच्या तोंडून चुकीचं माप जात नाही, असं माझ्याबद्दल कारखान्यात म्हणतात. खरं नाही ते. एकदा गेलं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. तोवर आम्ही स्कूटरचे आणि पाण्याच्या पंपांचे भाग करत होतो. मग आमच्या मालकांनी — त्यांना सगळे दादा म्हणतात — दक्षिणेतल्या एका सरकारी केंद्राचं काम आणलं. उपग्रहात बसवायचे छोटे व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढे. मोशीचा बबन लेथवर असायचा. पहिला नग हातात घेऊन तो म्हणाला, "घ्या, भोसरीकरांनी आभाळाला नळ बसवला!" पुढे महिनाभर त्या कामाचं नाव नळच होतं.

नळ म्हटलं तर नळच. पण वर हवा नसते. ढकलायला काहीच नसतं. उपग्रहाला तोंड फिरवायचं असेल तर पोटात भरलेल्या वायूचा एक फवारा सोडायचा, की तो उलट्या दिशेला वळतो. हा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, फवारा जातो, लगेच मिटतो. मिटला पाहिजे — पुरता. कणभर फट राहिली तर वायू झिरपत राहणार, काही महिन्यांत टाकी रिकामी. मग वरची सगळी यंत्रं शाबूत असूनही उपग्रह आपल्याकडे तोंड करू शकत नाही. वर जाऊन कोणी दुरुस्त करणार आहे का?

म्हणून आतली बैठक, जिच्यावर झडप येऊन टेकते, आरशासारखी सपाट लागायची. ते काम हमीदचं. हमीद शेख, बीडकडून आलेला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. काचेच्या जाड पाट्यावर पेस्ट घ्यायची आणि झडप इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासायची. शेवटचा हात तांबड्या पेस्टचा. तिने चकाकी येते. त्याची नखं कायम तांबडी असायची. घासून झालं की तो सगळे भाग स्पिरिटमध्ये धुवायचा, जुळवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे द्यायचा. पुढचं कुलूप माझं. एकदा धुतलेल्या नगाला कोणी हात लावायचा नाही, पिशवी उघडायची नाही, हा नियम मीच केला होता. माझ्याच अक्षरात इन्स्पेक्शनच्या खोलीच्या दारावर लावला होता. त्यावरून मी एकदा खुद्द दादांना दारात थांबवलं होतं.

रंगाचं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

माल पाठवायच्या आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशिनं धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. प्रत्येक जण आपलं हत्यार पाटावर मांडतो. मी माझा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, बबन पाना, हमीद त्याची काच. झेंडू दर वर्षी हमीदच आणायचा, पहाटे मार्केटला जाऊन. "साहेब, फुलांमध्ये तुमचं माप चालत नाही, मी भाव करून आणतो," म्हणायचा. पूजा झाली, पेढे वाटले, माणसं घरी गेली. मी कुलपं बघायला मागे राहिलो.

कपाटात त्या पिशव्या होत्या. मला वाटलं — काय वाटलं? पाण्याच्या पंपाच्या नटबोल्टांना आज हळदकुंकू लागलं. आणि जे एवढ्या वर जाणार, परत कधीच येणार नाही, त्याला नाही? भाविक आहे म्हणावं तर मी फारसा नाही. पण त्या दिवशी वाटलं खरं. मी एक पिशवी उघडली. सगळ्या नगांच्या वतीने एक बाहेर काढला. पाटावरच्या कोयरीतलं कुंकू अनामिकेने लावलं — बाहेरच्या बाजूला, तोंडापासून लांब. हात जोडले. मऊ फडक्याने पुसलं, नग परत पिशवीत घातला, पिशवी चिकटवली. समाधान वाटलं, हेही सांगतो.

इथवर झालं ते चूक. चूक माणसाकडून होते. मला सांगायचंय ते हे नाही.

दिवाळीनंतर निरोप आला की एक व्हॉल्व्ह चाचणीत गळतोय. एक गळला म्हणून सगळी खेप थांबवलेली. पाठोपाठ तिकडून एक इंजिनिअर आले. तरुण, शांत, इंग्रजीत बोलणारे. व्हॉल्व्ह तिकडे उघडला होता, आणि बैठकीवर बसलेला कण त्यांनी पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून, पट्टी काचेच्या तुकड्यावर चिकटवून आणला होता. नुसत्या डोळ्यांना लाल ठिपकादेखील म्हणता येणार नाही असा. केसाच्या जाडीच्या निम्माही नसेल. इन्स्पेक्शनच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पट्टी ठेवली. दादा होते, बबन होता, दारात हमीद होता. एकेकाने बघितलं. तांबडा. इंजिनिअरांनी मला विचारलं, हे काय असावं?

मी डोळा लावला. आणि मला कळलं. हिच्या कपाळावरचं कुंकू रोज बघणारा माणूस मी. पेस्टचा कण विटकरी असतो, हा तसा नव्हता. खात्री होती का? नव्हती म्हणा. पण शंका आली ना? शंका आलेला नग मी आयुष्यात कधी पुढे पाठवला नव्हता.

मी म्हणालो, "पॉलिशची पेस्ट दिसते."

सगळ्यांनी हमीदकडे बघितलं. मी सोडून.

बबनला गप्प राहता येत नाही. इंजिनिअर दादांच्या केबिनमध्ये गेल्यावर तो म्हणाला, "काय हमीदभाई, आभाळात धुळवड खेळायची व्हती व्हय?" दोघं-तिघं हसले. हमीदही हसला. मग हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता जे झालं ते. जेवणाची सुट्टी होती. डब्यात पोह्यांबरोबर लिंबाची फोड होती. आमच्याकडचं कुंकू हिच्या माहेरून येतं, घरी हळदीचं केलेलं. पूजेलाही मीच नेलं होतं. अशा कुंकवावर लिंबू पडलं की ते पुन्हा पिवळं होतं, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. पेस्ट लोखंडाच्या गंजाच्या भुकटीची, तिला लिंबाने काही होत नाही. पट्टी माझ्या ताब्यात दिलेली होती. मी कडेला सुरीने अलगद सोडवली, लिंबाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकातून बघत राहिलो.

पिवळं झालं.

इंजिनिअर अजून केबिनमध्ये होते. चहाच्या कपांचा आवाज मला ऐकू येत होता. माझ्या टेबलापासून ते दार किती लांब? दहा-बारा पावलं. पट्टी घेऊन जायचं आणि सांगायचं की ही पेस्ट नाही, हे मी लावलेलं कुंकू आहे. बस. नोकरी जाण्याचा प्रश्न नव्हता. दादांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. मग का नाही गेलो? मला लाज वाटली. नियम करणाऱ्यानेच मोडला म्हणून वाटली, आणि त्याहून जास्त — उपग्रहाच्या व्हॉल्व्हला भोसरीत कुंकू लावतात, हे त्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला सांगायची वाटली. निघताना ते माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा नीट बघितलं. कपाळावर गंधाची बारीक रेघ होती. सकाळपासून होती. त्यांना समजलं असतं. बहुतेक त्यांनी हसून सोडून दिलं असतं.

तेव्हा तरी बोललो का? नाही. माझ्या शब्दावर त्यांनी पट्टी परत मागितलीही नाही; ती मी आधीच नळाखाली धुतली होती.

उपग्रह गेला — दुसरीकडचे व्हॉल्व्ह बसवून. ते काम आमच्याकडे परत आलं नाही. दादांनी हमीदला काढलं नाही, ड्रिलवर टाकलं. त्याच्या काचेवर दुसरा माणूस बसायला लागला.

हेही सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं पुढे आहे.

आठवड्याभराने हमीद माझ्या टेबलाशी आला. टोपी हातात. म्हणाला, "साहेब, मी खूप आठवून बघितलं. मी तर नीट धुतलं होतं असं वाटतं. पण तुम्ही बघितलंय म्हणजे माझ्याकडूनच राहिलं असणार. कारखान्याचं नाव गेलं माझ्यापायी. माफ करा."

त्याने आठवून बघितलं होतं. स्वतःच्या हातांनी केलेलं, डोळ्यांनी बघितलेलं त्याला आठवत होतं, आणि माझ्या शब्दापुढे त्याने ते खोटं ठरवलं. मी काय केलं?

मी त्याला माफ केलं. "होतं असं कधी कधी," म्हणालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं म्हणून मी वाट बघितली. पुढे पावसाळ्याआधी हमीद काम सोडून गेला, तेव्हाही बघितली. अजून तसं काही वाटत नाही. नुसतं माहीत आहे — एखादं माप माहीत असावं तसं.

परवा हिने स्टोव्ह दुरुस्तीला दिला. भोसरीच्या बसथांब्यामागे एक पत्र्याची टपरी आहे, तिथे चांगलं काम होतं म्हणे. गेलो तर हमीद. दाढी पिकली आहे. "अरे, काळेसाहेब! बसा, बसा," म्हणून त्याने खोकं पुढे केलं, चहा सांगितला, हिची चौकशी केली. बोलता बोलता बर्नर सोडवला. त्यातला नोझल काढून रॉकेलमध्ये धुतला, उजेडात धरला. परत धुतला. परत उजेडात धरला. शेजारी एक बाई आपल्या स्टोव्हसाठी थांबली होती, ती म्हणाली, "आता पुरे की चाचा, झिजंल ते." तो हसला आणि तिसऱ्यांदा धुतला.

मग नोझल माझ्यापुढे केला.

"जरा बघता का साहेब? इथे येईल त्याला मी दाखवतो. माझ्या नजरेचा मला भरवसा राहिला नाही."

मी तो हातात घेतला. उजेडाकडे धरला. भोक बारीक, गोल, मोकळं होतं. कुठे काही नव्हतं.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"तुम्ही बघितलं म्हणजे झालं," म्हणाला आणि त्याने नोझल बसवला.

स्टोव्ह चांगला पेटतो. ज्योत निळी, एकसारखी. माणूस कामाला चोख आहे, असं ही म्हणते. मी हो म्हणतो.