वखारीचा नकाशा उलगडताना

नकाशाची कड माझ्या हातात तुटून आली. बोटाएवढा निळा तुकडा. समोर वखारीचे मालक अण्णा बसले होते.

बेळगावच्या आमच्या कॉलेजात जुन्या इमारतींचे नकाशे जपून ठेवतात. दर रविवारी मी तिथे मदतीला जाते. अण्णांनी निपाणीहून त्यांच्या तंबाखूच्या वखारीची जुनी, गुंडाळून कडक झालेली ब्लूप्रिंट आणली होती. दुसरी प्रत नव्हती. वखारीतली मधली भिंत पाडायची होती. मेस्त्री म्हणत होता, नुसती आडोशाची भिंत आहे. अण्णांना शंका होती, छताचं वजन तिच्यावर असेल तर?

"पोरी, उलगडंना झालाय व्हय? मंगळवारी मेस्त्री घण घिऊन येतोय."

आम्हाला हे काम शिकवणाऱ्या पाटील मॅडम धावत आल्या. "ह्युमिडिफाय केलं होतंस?"

पहिल्या दिवशी हे इंग्रजीतून शिकवलं होतं. मी मान डोलावली होती. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. विचारायला लाज वाटली.

"मॅडम, तो शब्द मला तेव्हाच कळला नव्हता."

मॅडम रागावल्या नाहीत. "कोरडा कागद दमट हवेत ठेवून मऊ करायचा. पाणी थेट लावायचं नाही."

एवढंच? माझी आई विड्या वळते. पानं तडकू नयेत म्हणून ती रोज ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते.

झाकणाच्या डब्यात खाली ओला टॉवेल, वर जाळी, जाळीवर गुंडाळी. पण किती तास? मॅडम म्हणाल्या, कागदावर अवलंबून. मी आईला फोन केला.

"हातात घिऊन बघ. वाकलं की झालं. घड्याळ बघून पान मऊ हुतंय व्हय गं? आन् लई ओलं करू नको, काळं पडतंय."

मी दर अर्ध्या तासाने बोट लावून पाहिलं. चार वाजता कागद वाकला. नकाशा उलगडला.

त्यात सेक्शन होता, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं चित्र. छताचा लोखंडी गर्डर त्याच भिंतीवर टेकलेला होता.

अण्णांनी त्या जागेवर बोट ठेवलं. मग मेस्त्रीला फोन लावला. "मंगळवारी येऊ नगंस." नकाशा त्यांनी आमच्याकडेच ठेवला, स्कॅनची प्रिंट नेली. जाताना म्हणाले, "आईला सांग, वखार वाचली."

तुटलेला तुकडा नकाशाजवळच एका पाकिटात आहे. त्यावर 'उलगडताना तुटला' असं मॅडमनी मलाच लिहायला लावलं.

आता नव्या मुलांना हे मी शिकवते, मराठीतून. शेवटी विचारते, कुणाला कळलं नाही? पहिला हात वर यायला वेळ लागतो. मी थांबते.