गाडीतली चौथी जागा

माझा धंदाच जागा वाचवण्याचा आहे. मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये मी डिझाइनचं काम करते, आणि एखाद्या कोपऱ्यात चार बोटं जागा फुकट जाताना दिसली की मला चैन पडत नाही. त्यामुळे नवऱ्यानं एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि हिचा कॅम्पर, म्हणजे फिरतं घर, करून कन्याकुमारीपर्यंत जाऊ असं जाहीर केलं, तेव्हा मी भांडले नाही. उलट पेन्सिल कानावर खोचून कामाला लागले. शेंद्र्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा माणूस एवढी लांबलचक रजा मिळवून आणतो, तर बायकोनं निदान ओटा तरी नीट बसवावा.

गाडी करमाडच्या अलीकडं, जालना रोडवरच्या एका मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी केली होती. दर रविवारी मी, नवरा आणि आमची दुसरीतली मुलगी डबा घेऊन तिथं जायचो. सीटांच्या खाली पोरांनी चिकटवलेली च्युइंगम खरवडण्यातच पहिला रविवार गेला. मग पिवळा रंग उतरला, मागं पलंग बसला, पलंगाखाली खण झाले, खिडकीजवळ शेगडी आणि बेसिन. मुलीनं आपली झोपायची जागा ठरवून तिथं खडूनं स्वतःचं नाव लिहून टाकलं. सोसायटीतले लोक विचारायचे, झाली का गाडी? आणि मी नको तितकी फुशारून सांगायचे की झालीच.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या हसल्या. "शिकून सवरून तुमीबी बिऱ्हाड पाठीवर घेतलं म्हणा की," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सासूबाई गंगापूरकडच्या खेड्यात माझ्या दिरापाशी राहतात. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, गावामागून गावं करत चालायचं, शेतात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचं. माझा नवरा अशाच एका मुक्कामात, कुणाच्या तरी उसाच्या फडाशेजारी जन्मला. पुढं सासरे गेले, सासूबाईंचे गुडघे गेले आणि मेंढरं दीर बघू लागला. तेव्हापासून त्या घरी बसल्या. 'बसले' हा शब्द त्या अशा सुरात म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आजारी आहे.

पुढच्या रविवारी त्या दिराच्या मोटारसायकलवर बसून थेट शेडमध्ये हजर झाल्या. गाडीला एक फेरी मारली, चाकं पाहिली, आत चढल्या. पाणी कुठं साठवणार, पीठ कुठं ठेवणार, पावसात वरून गळणार नाही ना, सगळं विचारलं. मग पलंग आणि ओटा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत पदर डोक्याखाली घेऊन सरळ आडव्या झाल्या. पाय लांब केले, या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या. "जमतंय हितं," म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. मी त्यांचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

त्यानंतर त्या येतच राहिल्या. कधी जवसाची चटणी, कधी कारळाची. एकदा त्यांनी वाकळा आणल्या, स्वतः शिवलेल्या. एक रुंद, आम्हा दोघांची. एक लहान, नातीची. आणि एक अरुंद, लांब. मी म्हटलं कापड उरलं असेल, त्याचीही शिवली. त्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, की समुद्राचं पाणी मेंढराला चालत नाय म्हणत्यात, ते खरं का? तो म्हणाला, खरं आहे. एवढं पाणी आणि जितराबाच्या काही कामाचं नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

मिस्त्रीनं पहिल्यापासून चार सीटा धरल्या होत्या. पुढं दोन, त्यांच्या मागं दोन. मला फ्रिज हवा होता. मी मापं घेतली आणि त्याला सांगितलं, मागची एक सीट काढा. त्यानं त्याच्या हिंदीत विचारलं, "घर में बडे-बुजुर्ग है ना, भाभी?" मी म्हटलं, आहेत, पण ते कुठं जात नाहीत. नवरा तिथंच होता. हातातल्या पान्यानं तो एक नट आवळत होता, आणि तो नट आधीच पक्का होता हे मला दिसत होतं. सीट निघाली. आरटीओच्या कागदांवरही तिघांचंच पासिंग झालं. फ्रिज बसवला तर खड्ड्यात खडखडायचा, म्हणून मी ती अरुंद वाकळ घडी घालून त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत ठोसून बसवली. आवाज बंद. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

मला काहीच कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. निघायच्या आधी सासूबाईंनी गंगापूरच्या डॉक्टरकडून गुडघ्याला बांधायचा पट्टा आणला, नव्या चपला घेतल्या, तेव्हा मला शंका आली. मी नवऱ्याला म्हटलं, "आई आपल्याबरोबर येणार असं धरून तर नाहीत ना बसल्या?" तो म्हणाला, छे, ती कशाला येते. त्याच्या आवाजातला घाईघाईचा नकार मी ओळखला, आणि मला बरं वाटलं. तेवढ्यावर आम्ही दोघांनी विषय संपवला. खरं सांगायचं तर मला त्या नको होत्या. सकाळी मिश्री लावत बसतील, दर मुक्कामाला ओळखी काढतील, माझ्या मापून आखलेल्या गाडीत त्यांची गाठोडी पसरतील. आमच्या तिघांचा प्रवास होता तो. मला तो तिघांचाच हवा होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई घरी आल्या. बरोबर एक गाठोडं. मी गृहीत धरलं, निरोप द्यायला आल्यात. गाठोड्यात काय आहे हे मी विचारलं नाही.

सकाळी सोसायटीच्या गेटजवळ बरीच मंडळी जमली. बीड बायपासच्या मागची आमची सोसायटी, तिथं कुणाकडं नवी स्कूटी आली तरी लोक खाली उतरतात, ही तर अख्खी गाडी. कुणी हार आणला, कुणी चाकाखाली लिंबं ठेवली. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी ओवाळून टाकलं. आणि मग कुणाची वाट न बघता, सगळ्यांच्या आधी, त्या गाडीत चढल्या. सीटकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फ्रिजला पाठ टेकून खाली बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "चला. उन्हाच्या आत मजल मारू."

शेजारीण म्हणाली, वा, आजीपण निघाल्या का? मी हसले. नवरा माझ्याकडं बघत होता, मी नवऱ्याकडं. तो त्यांचा मुलगा होता, म्हणून बोलणं त्याचं काम होतं. सीट मी काढली होती, म्हणून बोलणं माझं काम होतं. मुलगी तेवढी टाळ्या वाजवत आजीशेजारी जाऊन बसली.

शेवटी मी तोंड उघडलं. काय म्हणाले ते अजून माझ्या कानात आहे. "आई, जरा खाली उतरता का? गॅसची नळी तपासायचीय."

त्या लगेच उतरल्या. गाठोडं आत ठेवून, हसत, गुडघा धरत. त्यांना काही शंका आली नाही. गॅसची नळी तपासायला पाहिजेच. मी आत वाकून नळीला हात लावला, नाटक पुरं केलं. एवढ्यात नवरा चढला, त्यानं गाठोडं उचललं, बाहेर आला आणि गेटच्या कट्ट्यावर, आईच्या शेजारी ठेवलं. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

सासूबाईंनी गाठोड्याकडं पाहिलं. मग उघड्या दारातून आत पाहिलं, आणि फ्रिजमागं कोंबलेली वाकळ त्यांना दिसली असावी, कारण त्यांची नजर तिथं थांबली. मला वाटलं आता त्या काही बोलतील, रडतील, निदान मुलाला दोन शिव्या देतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या शेजारणीकडं वळल्या आणि सहज आवाजात म्हणाल्या, "म्या कुठं जाती बाई, गुडघे हे असले. पोराला वाटं लावाया आले व्हते." आणि नातीच्या गालावरून हात फिरवला.

आमची अब्रू त्यांनी झाकली, तीही आम्हीच त्यांची घालवल्यावर. मी गाडीत बसले तेव्हा लाजेनं माझे कान तापले होते. तरी मी बसलेच.

आडूळ येईपर्यंत मुलगी विचारत होती, आजीचं गाठोडं बाबांनी का काढलं? मी म्हटलं, गाडीचं पासिंग तिघांचंच आहे. तिला ते समजलं नाही, आणि मला माझाच आवाज आवडला नाही. मग नवऱ्याकडं वळून मी चिडून म्हणाले, त्यांना यायचंच होतं तर एकदा विचारायचं ना. आमच्या माहेरी बोलावणं आल्याशिवाय कुणी बारशालासुद्धा जात नाही.

त्यानं गाडी कडेला घेतली. आमच्यात विचारत नाहीत, तो म्हणाला. बिऱ्हाड हललं की घरातलं माणूस आपोआप चालायला लागतं. म्हातारं, बाळंतीण, कुत्री, सगळे. तू येणार का, असं कुणी कुणाला म्हणत नाही. ते पाव्हण्याला विचारायचं असतं. आईनं वाकळ शिवली तेव्हाच मला कळलं होतं, असंही तो म्हणाला. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला. मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं, पण कुठल्या तोंडानं ओरडणार?

आम्ही गाडी वळवली. फ्रिज काढता येत नव्हता, पण पासिंगबिसिंगचं पुढं बघू, जेवढं सामान उतरवायचं तेवढं उतरवू, असं मी वाटेत ठरवून टाकलं. सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं की आजी रिक्षानं स्टँडवर गेल्या. मध्यवर्ती बसस्थानकात गंगापूरच्या फलाटाशी त्या बाकावर बसल्या होत्या. नव्या चपला पायातून काढून गाठोड्यावर ठेवल्या होत्या. नवरा गाडीतून उतरलाच नाही, त्याचं धैर्य झालं नाही. मी गेले.

मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या माहेरच्या रीतीनं मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं होतं. आग्रह करायचा, हात धरायचा, मान ठेवायचा. नवऱ्याचं बोलणं तासाभरापूर्वीच ऐकूनही मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आई, चुकलं आमचं. तुम्ही येता का आमच्याबरोबर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, तेच वाईट होतं.

"नाय बाई," त्या म्हणाल्या. "पाव्हण्यानं एवढं लांब जाऊ नये. घरच्यांला अवघडल्यासारखं हुतं."

गंगापूरची गाडी लागली तशा त्या उठल्या. मी पुन्हा एकदा म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि मुलीला उन्हात खेळू देऊ नको असं सांगून चढल्या.

आणि आम्ही गेलो. रजा मंजूर होती, मुलगी हटून बसली होती, गाडी तयार होती. कन्याकुमारीपर्यंत गेलो आणि परत आलो. फोटो चांगले आले. सोसायटीतल्या दोघांनी आमची गाडी बघून तसलीच करायला घेतली आहे, माप विचारायला येतात. मी मापं देते. चार सीटा ठेवा, असं सांगते, आणि कारण विचारलं तर विषय बदलते.

सासूबाईंनी त्या दिवसाचा शब्दही कधी काढला नाही, दिराजवळसुद्धा नाही. चटण्या येतात, नातीला फ्रॉक येतात. बोलणं पहिल्यासारखं आहे. लग्न झाल्यापासून त्या आमच्या घरी कधी सांगून आल्या नव्हत्या. दार उघडं दिसलं की आत, आणि थेट ओट्यापाशी. माझे डबे हलवलेले असायचे आणि मी संध्याकाळभर धुसफुसत असायचे. नवऱ्याला किती वेळा म्हटलं असेल, की आईंना सांगा, येण्याआधी एक फोन करत जा.

परवा त्यांचा फोन आला. दवाखान्यात दाखवायला शहरात यायचं होतं. मला म्हणाल्या, "दोन दिस राहायला येऊ का गं? तुला जमन का?"

मी म्हटलं, आई, असं काय विचारता, घर तुमचंच आहे.

"व्हय," त्या म्हणाल्या, "पर इचारून आल्यालं बरं."