मागणी नसलेली बुशं

"देश वाढतोय हो वहिनी, आपलं जरा मागून चाललंय एवढंच!" असं म्हणत समोरचे कारखानदार भाऊ माझ्या दुकानातला पेपर ओढून घ्यायचे. बसायचे मात्र नाहीत. पाय हलवत उभ्यानेच वाचायचे. "अहो भाऊ, टेका की जरा," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "बसायला वेळ कुणाला?"

बिबवेवाडीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर त्यांचा छोटा कारखाना होता. गाड्यांच्या इंजिनात बसणारी बुशं, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, बनवायचे. कारागीर तीन, तिघेही यवतमाळकडचे, यांनीच शिकवून तयार केलेले. गाड्यांचा खप पडला की मंदीची बातमी छापून येण्याआधी यांच्या दारात माल न्यायला येणारा टेम्पो बंद व्हायचा. तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेलच.

गेल्या मंदीत मात्र टेम्पो येतच राहिला. "तुमचं बरंय बाई!" मी म्हटलं, तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऑर्डर एकही नाही. पोरांना बोलू नका. काम नाही कळलं तर गावी जातील, मग परत कसले येतात! दिवस फिरेपर्यंत त्यांना धरून ठेवायचंय."

म्हणजे हा गृहस्थ मागणी नसलेली बुशं बनवून घेत होता, आणि टेम्पोत भरून कोथरूडला स्वतःच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये रचत होता!

सोसायटीने पाटी लावली : 'पार्किंग वाहनांसाठी आहे, त्यांच्या अवयवांसाठी नाही.' हे त्यांनीच येऊन मला सांगितलं. "आमच्या सेक्रेटरींचं मराठी चांगलंय हो," म्हणाले, आणि घाईघाईने परत गेले.

मंदी हटली. पेपरात वाढीचे आकडे आले, गाड्यांच्या कंपनीचा माणूसही आला. पण नव्या गाड्या विजेच्या. त्यांना इंजिनच नाही, तर बुश बसवणार कुठे? जिची इतकी वाट पाहिली, ती मेली वाढ यांच्या दारावरून पुढे निघून गेली. माझा नुसता संताप झाला. कुणावर, ते मात्र सांगता येत नाही.

त्यांनी तिघांना समोर बसवून खरं काय ते सांगितलं. स्वतः चाकणला नेऊन नव्या कारखान्यात लावून दिलं. तिथल्या कँटीनमध्ये जेवूनही पाहिलं. "भाजी बरी असते," एवढंच मला म्हणाले, आणि कारखान्याचं शटर कायमचं ओढून गेले.

परवा त्यांच्या बायकोचा फोन आला. "तुम्ही तरी येऊन समजवा हो. सकाळ झाली की हे कारखान्यात जायला चपला घालून दारात उभे. म्हणतात, माणसं खोळंबली असतील."

मी गेले. दारातच होते.

"भाऊ, अहो तिघं कामाला लागलेत. छान चाललंय त्यांचं."

"हो ना, मीच तर लावलं," ते म्हणाले, आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.