नैवेद्याआधी उठवलेली बाई

गणपतरावांच्या लघवीची धार बारीक झाली आहे, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. चहाच्या कपासोबत त्यावर चर्चा होई. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा सोनोग्राफीचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

त्याच घरात त्यांची बायको, म्हणजे माझी प्रेमिला आत्या, लघवीला गेली की दातओठ आवळून आग सोसत होती. ते कुणालाच माहीत नव्हतं.

आत्या बासष्ट वर्षांची. हुडकेश्वरला त्यांचं दोन मजली घर आहे आणि दर भाद्रपदात तिथे महालक्ष्म्या बसतात. पाळीच्या बाईनं त्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही, असा घरचा नियम. म्हणून आत्यानं लग्नापासून दरवर्षी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खाल्ल्या. पाळी कायमची गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता तू मोकळी," आणि पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं तिच्या हाती दिलं. त्या तीन दिवसांत घरात तिचा शब्द चाले. इतर दिवशी चालत नसे.

गेल्या वर्षी मी फुलोरा करायला गेले होते. महालक्ष्म्यांवर टांगायच्या करंज्या नि पापड्या आम्ही करत होतो. आत्या पाटावर नीट टेकत नव्हती, सारखी या बाजूवरून त्या बाजूवर होत होती. पाण्याचा पेला तिनं तीनदा परत केला. न्हाणीघरात गेले तर दवाखान्यासारखा वास. जखमा धुवायच्या औषधाची मोठी बाटली अर्धी संपलेली.

"आत्या, कोणाला लागलं काय?"

"कोणाले नाही. मीच लावतो." तिनं दाराकडे पाहिलं. "खाज सुटते, आग होते. मले वाटलं, स्वच्छता कमी पडून राहिली."

"आणि पाणी काहून पीत नाहीस?"

"पेलं की जा लागते. गेलं की जळते." मग अगदी हळू म्हणाली, "दोन-तीनदा डागही पडला वं."

ती एका डॉक्टरकडे जाऊन आली होती. त्यानं तपासलंही नाही. "वय झालं, असं होणारच. नातवंडं खेळवा," म्हणाला आणि फी घेतली. ऐकून माझ्या हातातली करंजी फुटली.

"आजच दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

"महालक्ष्म्या उठू दे. बोलली तं मले स्वयंपाकातून उठवतीन."

तिनं सहा महिने रक्त लपवलं होतं ते याच भीतीनं. आणि सोवळ्यात कमी पडू नये म्हणून त्या दुखऱ्या जागेवर ती रोज औषध ओतत होती.

आमचं बोलणं तिची धाकटी जाऊ शोभाताई हिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशीच, सकाळी तिनं गणपतरावांच्या कानावर घातलं. मला वाटलं, ते घाबरतील. ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"नैवेद्याले हात लावला काय?"

दुखतं का, नाही. कधीपासून, नाही. दवाखान्यात चल, नाही. त्या घरात पाण्याच्या फिल्टरच्या सर्व्हिसिंगची तारीख फ्रिजवर चिकटवलेली असते. ती चुकली की गणपतराव कंपनीला फोन करून भांडतात.

आत्याला समोरच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ती रडली नाही. मी डॉक्टरची वेळ घेतली. आम्ही चपला घालत होतो तेवढ्यात शोभाताई दारात आली.

"जाऊबाई, पुरणात गूळ किती टाकू?"

"माझा हात चालत नाही, अन् जीभ चालते काय वं शोभा? टाक अंदाजानं."

सक्करदऱ्याच्या डॉक्टर मधुवंतीबाईंनी आधी तिला बोलू दिलं, मग तपासलं.

"ही घाण नाही," त्या म्हणाल्या. "पाळी गेली की शरीरातलं एक हार्मोन कमी होतं. योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. जरा घासलं तरी जळते, कधी रक्त येतं. लघवीचा त्रासही त्यातलाच. औषधानं धुऊन तुम्ही ती आणखी सोलली. आता फक्त साधं पाणी. आणि पाणी प्यायचंही."

"मंग हे कॅन्सर नाही ना?"

"बहुतेक नाही. पण पाळी गेल्यावर एक थेंब रक्त दिसलं तरी तपासायलाच हवं. तुम्ही सहा महिने थांबायला नको होतं."

सोनोग्राफी झाली. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. आठवडाभर फोन वाजला की आत्या पदराला हात पुसायची. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी आतून लावायचं हार्मोनचं मलम दिलं, आधी रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा.

"हे साऱ्याच बायकांले होते काय?" आत्यानं विचारलं.

"खूप जणींना. येतात मात्र थोड्या."

"मंग कोणी सांगत काहून नाही?" तिचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बायका आत डोकावल्या.

महिन्याभरात तिची आग बरीच कमी झाली. एका संध्याकाळी मी तिथे गेले होते, तेव्हा गणपतराव सोफ्यावरून मोठ्या मनानं म्हणाले, "चला, रिपोर्ट तं चांगला आला. पुढच्या वर्षी स्वयंपाक तूच कर."

"अन् चांगला नसता आला तं?"

ते टीव्हीकडे बघू लागले. आत्यानं कपाटातून रिपोर्टचा कागद काढला. मग मला म्हणाली, "ये वं, याचा फोटो काढून दे." तिनं तो रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मले हे झालं होतं. कोणाले होत असन तं लपवू नका.'

सोफ्यावरचा फोन वाजला. गणपतराव ताडकन उठले.

"हे काय टाकलं तुनं? डिलीट कर! ग्रुपवर माणसं हायेत!"

"तुमच्या धारेच्या वेळी बायका नव्हत्या काय?" आत्या म्हणाली. तांब्यातलं पाणी तिनं पेल्यात ओतलं, सगळं प्याली आणि पुन्हा पेला भरला.