कूलरातली पिल्लं

कूलर माणसांसाठी असतो, कोंबड्यांसाठी नसतो, हे बायकोनं माझ्याकडून स्टँपपेपरवर लिहून घेतलेलं नाही, एवढंच. बाकी सगळं झालं.

माझं केनवडला कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, बांगड्या, रिबिनी, पिना. या मालाला दाणापाणी लागत नाही, तो रात्री थंडीनं कुडकुडत नाही आणि आपल्याकडे आशेनं बघतही नाही. त्यामुळे जिवंत मालाचा मला अनुभव शून्य. तरी जानेवारीत रिसोडच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेलो आणि कोंबडीच्या पिल्लांच्या टोपलीसमोर पाय अडकले.

"ब्रूडर हाये ना घरी?" विकणाऱ्यानं विचारलं.

"हाये ना!" (ब्रूडर खायचा असतो की अंगाला चोळायचा, हे मला ठाऊक नव्हतं. पण दुकानदारानं 'नाही' म्हणायचं नसतं!)

"बल्ब केवढा लावता?"

"मोठा."

"मंग हरकत नाई. माय नाई ना यायले, बल्बच यायची माय. चांगली वाढेस्तोवर ऊब द्या, मंग हळूहळू बाहेर काढा."

म्हणजे ब्रूडर ही बल्ब लावलेली उबदार पेटी आहे, एवढं फुकटात कळलं. मी डझनभर पिल्लं घेतली आणि बांगड्या विसरून घरी आलो.

"हे काय आणलं?" सुनंदानं, म्हणजे आमच्या गृहमंत्र्यांनी विचारलं.

"पिल्लं."

"दिसून राह्यलं मले. कायले आणले?"

"अंडे देतीन ना!"

"अन् तोवर मांजर काय उपास धरन?"

मांजराचा मुद्दा बिनतोड होता. पिल्लं घरातच ठेवायला हवी होती आणि पेटीही मांजराला उघडता न येणारी हवी होती. मी घरभर नजर फिरवली. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली आमचा कूलर हिवाळा काढत होता. पत्र्याचा, चौकोनी, तीन बाजूंना जाळी, खाली पाण्याची टाकी. देवानं कूलर बनवतानाच ब्रूडर म्हणून बनवला होता, मधल्या मधल्या लोकांनी त्याचा गैरवापर केला! मी त्याची वायर गुंडाळून ठेवली, टाकीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, अंथरलं, वरून बल्ब सोडला. पिल्लं आत ठेवताच ती बल्बाखाली अशी बसली की जणू जन्मली तिथंच.

"हे किती दिस घरात?" सुनंदानं विचारलं.

"ऊन तापेपर्यंत. कूलर लावाच्या आधी सारे अंगणात."

"अन् नाई गेले तर?"

"तर तू म्हणशीन ते!"

(हे वाक्य कोणत्याही नवऱ्यानं कोणत्याही ऋतूत उच्चारू नये.)

"मंग आयका. कूलर लागल्यावर एक बी पिल्लू घरात दिसलं, तर सारे भाऊजीच्या ताटात."

भाऊजी म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचे यजमान, माझे साडू. अकोल्याकडे लाईनमन आहेत. इतर लोक बारशाला ज्या नजरेनं बाळ बघतात, त्या नजरेनं ते कोंबडी बघतात. मी हसून 'हो' म्हणालो. तेव्हा ती पिल्लं माझी कोणीच लागत नव्हती.

पण आठवडाभरात ती माझी सगळी काही लागायला लागली! मी दुकान सोडून तासातासाला घरी जाऊन जाळीला डोळा लावायचो. पिल्लं दूर दूर पसरली की गरम होतंय म्हणून बल्ब वर घ्यायचा, एकावर एक चढली की गारठलीत म्हणून खाली. दुकानात गिऱ्हाईक 'रिबीन दाखवा' म्हणालं तरी मला बल्ब आठवे. माझा या पिल्लांवर जीव जडला होता, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

फेब्रुवारी सरत आला तशी पिल्लांना पिसं फुटली आणि ती कूलरात मावेनात. झाकण उघडलं की एक टीव्हीवर, एक देव्हाऱ्यावर आणि एक थेट सुनंदाच्या अंबाड्यावर. मी अंगणात पत्र्याचं खुराडं बांधलं. पिल्लांना उचलून उन्हात सोडलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आभाळ पाहिलं. तेवढ्यात वरून एक कावळा गेला. कावळा बिचारा त्याच्या कामाला चालला होता! पण डझनभर पिल्लं एकदम माझ्या लुंगीत शिरली. लुंगीची गाठ पिल्लांना धरून बांधलेली नसते. शेजारचे रज्जाकचाचा, गाद्या-रजया भरतात, ते भिंतीपलीकडून म्हणाले, "अरे भाई, पिल्लं राहू दे, पयले लुंगी सांभाळ!"

त्यानंतर रोज तोच तमाशा. दिवसभर अंगणात टाचणी टोचल्यासारखी ओरडायची, अन् सांज झाली की सगळी दाराशी रांगेत. खुराड्यात कोंबली तर असा आक्रोश करायची, की गल्लीतल्या बायका सुनंदाला विचारायला यायच्या, "काहून वं, घरात सारं ठीक हाये ना?"

शेवटी चाचांनीच डोकं चालवलं. "त्यायले घर नको हाय, त्यायले कूलर पाह्यजे. तर कूलरच बाहेर काढ!" आम्ही दोघांनी कूलर उचलून अंगणात ठेवला आणि काय सांगू! सांज होताच सगळी पिल्लं शिस्तीत कूलरात. मी सुनंदाला अभिमानानं म्हणालो, "पाह्य, गेले का नाई बाहेर?"

"पिल्लं गेले," ती म्हणाली, "संगं माहा कूलर बी गेला."

मार्चमध्ये ऊन तापलं आणि तिनं कूलर परत मागितला. आमच्याकडे कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवतात: पाठ अंगणात, तोंड घरात. मी तो घासला, धुतला, बाजूंना गवताच्या नव्या ताट्या लावल्या आणि घोडीवर चढवला. पिल्लं मुकाट खुराड्यात गेली. बाजी जिंकली, असं मला वाटलं. (मला वाटतं ते होत नाही, हे एव्हाना मला वाटायला हवं होतं!)

त्याच रविवारी साडू आणि सुनंदाची ताई जेवायला आले. भर दुपार. साडूंनी आल्याआल्या कूलरसमोरची खुर्ची धरली.

"साडभाऊ, कोंबड्या पाळल्या म्हणता, अन् वास तर वांग्याचा येऊन राह्यला?"

"त्या अजून लहान हायेत," मी घाईनं म्हणालो.

"लहानच चांगली लागते," साडू म्हणाले. "बरं, कूलर तरी लावा. भाजून निघालो."

मी बटणाकडे हात नेला आणि सहज जाळीतून आत पाहिलं. आतून बारीक गोल डोळे माझ्याकडे पाहत होते. बरेच डोळे! उन्हं वाढल्यावर पिल्लांनी मागची ताटी उचकटून आपलं माहेर गाठलं होतं. मी हात मागे घेतला.

"लाइट गेली," मी म्हणालो.

सगळ्यांनी वर पाहिलं. छताचा पंखा गरगर फिरत होता.

"म्हंजे... कूलरात पाणी नाई."

"हात्तिच्या! पाईप कुठी हाय? मी भरतो," साडू उठले.

टाकीत पाणी सोडलं की माझी पिल्लं बुडणार! "नको, नको! करंट मारते कूलर!" मी ओरडलो. लाईनमनला कोणी करंटची भीती घालतं का? साडूंचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून टेस्टर काढला. (लोक पेन ठेवतात, हे टेस्टर ठेवतात!) "आता पाहूच," म्हणत ते खिडकीतल्या कूलरवर वाकले.

"कूलर बंद हाये, तर कुरकुर काहून करून राह्यला?" ताईंनी विचारलं.

"पंप गरम झाला असन," मी म्हणालो.

"बंद असून?" सुनंदा म्हणाली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुरकुर मीच करतोय.

मी पाणी आणतो म्हणून बाहेर सटकलो आणि भिंतीवरून चाचांना हाक मारली. चाचा गादीची रिकामी खोळ घेऊन धावले. ठरलं असं: त्यांनी मागून एकेक पिल्लू खोळीत भरायचं आणि मी आत जाऊन साडूंना गुंतवायचं. योजना उत्तम होती. फक्त चाचांना हळू बोलता येत नाही.

"साडभाऊ, अकोल्याकडं पाऊसपाणी कसं काय?" मी आत येऊन विचारलं.

"मार्चमंधी?"

तेवढ्यात कूलरातून आवाज आला, "अबे, इकडं ये ना! अरे, चोच मारते रे बाबा!"

साडूंनी जाळीला डोळा लावला. आत एक हात चाचपडत होता. पाठोपाठ दाढी दिसली.

"साडभाऊ!" ते दोन पावलं मागं सरकले. "तुमच्या कूलरात मानूस हाये!"

"ते... रिपेअरवाले हायेत," मी म्हणालो.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या एका कोंबड्याला मोठं व्हायचं सुचलं. त्यानं जन्मातली पहिली बांग दिली. फाटकी, अर्धवट, घोगरी! चाचा दचकले, खोळ सुटली, आणि सगळी फौज दरवाजातून घरात. एक टीव्हीवर, एक देव्हाऱ्यावर, आणि तो बांगवाला कोंबडा ताईंनी नुकत्याच वाढलेल्या ताटात, वरणात दोन्ही पाय रोवून उभा. साडूंच्याच ताटात!

मी कबुलीजबाब दिला. कूलर, बल्ब, कुटार, शर्त, सगळं.

"म्हंजे शर्तीपरमानं सारे माहे," साडू बाह्या सावरत म्हणाले. "हा द्या."

पण सुनंदा पुढं झाली.

"तो नको, भाऊजी. तो अजून बांग शिकून राह्यला."

"मंग ही."

"ते लंगडी हाये. ते माह्याच हातानं खाते."

"बरं, ही टीव्हीवरची?"

"तिले तर हातच नका लावू!" सुनंदानं तिला पटकन उचललं. "ते दुपारी माह्यापाशी बसते." तिनं भराभर सगळ्यांना पदराखाली घेतलं. मी दुकानात असायचो तेव्हा घरात काय चालायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मला इतका आनंद झाला, की मी साडूंनाच मिठी मारली. ते वांग्याची भाजी जेवले आणि जाताना टेस्टर विसरून गेले.

निकाल संध्याकाळी लागला. पिल्लांना कूलराशिवाय करमत नाही, म्हणून घोडीवरून उतरवलेला कूलर कायमचा अंगणात, पिल्लांच्या नावावर. पिल्लं निर्दोष. आणि हे सगळं ज्याच्यामुळं झालं त्याची बाज, नवा कूलर येईपर्यंत, अंगणातच.

आठवडाभरात कोंबड्या बाहेर छान रुळल्या. आता त्या घराकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सांजेला दाराशी जाऊन उभा राहतो तो मी. सुनंदा आतून कडी लावून घेते आणि चाचांना भिंतीवरून सांगते, "कोंबड्यायपेक्षा यायले बाहेर रुळाले येळ लागून राह्यला, चाचा. यायले पिसं उशिरा फुटतात!"