एक जूनचे वाढदिवस

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अजूनही डोकं तापतं. मी तेव्हा मिशिगनमध्ये, कॅसिनोतले गुन्हे बघणाऱ्या पोलीस पथकात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. इंजिनियरच्या पोटी येऊन पोलीस झालो म्हणून वडिलांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला होता, पण ते जाऊ दे.

खबर एका कॅसिनोच्या सुरक्षा अधिकाऱ्याने दिली. कॅसिनोचं कार्ड घेतलेले पाच सभासद, पाचही भारतीय म्हातारी माणसं, आणि पाचही जणांची जन्मतारीख एक जून. वाढदिवसाची भेट म्हणून कॅसिनो 'फ्री प्ले' देतं, म्हणजे यंत्रावर फुकट खेळायची रक्कम. कार्ड आणि पिन टाकला की ती मिळते. एक जूनला पाचही कार्डांवर ती उचलली गेली होती आणि एकाच व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर खेळली गेली होती.

"ओळखपत्रं बनावट आहेत," माझा जोडीदार म्हणाला. "पाचही जणांवर गुन्हा दाखल करू."

माझ्या वडिलांच्या पासपोर्टवरही एक जूनच आहे. खेड्यात पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला माहीत नसायची, मग मास्तर एक जून ठोकून मोकळे व्हायचे. हे जोडीदाराला समजावायला मला दोन कप कॉफी लागली. कागद खरे होते. प्रश्न एवढाच होता, की खेळलं कोण.

पहिला जबाब ॲन आर्बरला मुलाकडे राहणाऱ्या एका मावशींचा. सत्तरी ओलांडलेल्या, विदर्भातल्या खेड्यातल्या. नागरिकत्वाची मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती. फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला असता, तर त्या मुलाखतीवर पाणी पडलं असतं.

"आई, आय टोल्ड यू, त्या बसने जाऊ नको म्हणून," मुलगा त्यांच्यावर खेकसला.

"दोनदाच गेले रे. जेवण फुकट होतं," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कार्ड काकांकडेच असतं. ते म्हणाले, कार्डावर जमणारे तुमचे पॉइंट्स वाया जातात, मी बघतो. पिनही त्यांनीच ठेवला. शून्य एक, शून्य सहा."

काका म्हणजे इथल्या मराठी मंडळातले रिटायर्ड इंजिनियर. ज्येष्ठांची बस कॅसिनोला तेच न्यायचे. पोकरचं कोणतं यंत्र फुल हाऊसला नऊपट आणि फ्लशला सहापट पैसे देतं, कोणत्या वारी पॉइंट्स तिप्पट होतात, कोणतं कूपन कधी वापरायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. यात गुन्हा काहीच नाही. डोकं लावून खेळणाऱ्याला कायदा हात लावत नाही. पण माणसाला वाढदिवस एकच असतो, आणि काकांना तेवढ्याने भागत नव्हतं.

कॅमेऱ्याचं चित्रण तोवर पुसलं गेलं होतं. हातात पुरावा शून्य. मी काकांना बोलावलं, हक्क वाचून दाखवले, रेकॉर्डर चालू केला. वकील नको म्हणाले.

"अरे, तू आपला माणूस," काकांनी सुरुवात केली. "मी फक्त ड्राइव्ह करतो. खेळले ते लोक."

"मावशींचा फ्री प्ले कुणी उचलला?"

"त्यांनीच. एक जूनला बर्थडे होता ना त्यांचा. काय खूश होत्या यार. मीच केक कापायला लावला तिथे."

खोटं बोलणारा माणूस एखादा गोड तपशील जास्तीचा घालतोच. नोकरीत हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

"काका," मी म्हणालो, "मावशींनी जबाबातच सांगितलंय, त्यांचा वाढदिवस त्रिपुरी पौर्णिमेला असतो. एक जूनला त्यांनी उभ्या जन्मात केक कापलेला नाही. ती तारीख मास्तरांची."

काका म्हणजे शहरातल्या हॉस्पिटलात जन्मलेला, दाखल्यावर खरी तारीख असलेला माणूस. पाच कार्डांवर एकच तारीख दिसली, तेव्हा त्यांना फक्त पाच भेटी दिसल्या. शेवटी म्हणाले, "पॉइंट्स वायाच जात होते ना. त्यांना काय कळतंय त्यातलं?"

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. स्वतःची कातडी वाचवायला तो त्या बाईचं नागरिकत्व पणाला लावून बसला होता, आणि वर म्हणत होता त्यांना काय कळतंय. माझा हात टेबलावर आपटला. पोलीस अधिकाऱ्याला हे शोभत नाही, वरिष्ठांनी तसं सुनावलंही. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

पाचही कार्डांची कबुली त्याने सही करून दिली. म्हाताऱ्या माणसांवरचा संशय कागदोपत्री मिटला. मावशींची मुलाखत ठरल्या दिवशी झाली आणि त्या नागरिक झाल्या. त्याचा पहिलाच गुन्हा, म्हणून दंड आणि कॅसिनोत प्रवेशबंदी एवढ्यावर सुटला.

त्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात तो पहिल्या रांगेत बसला होता. लोक त्याला क्रूझचं स्वस्त डील कुठे मिळतं ते विचारत होते. मावशी आल्या नव्हत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "नको रे बाबा. पोलीस घरी येऊन गेले, लोक काय म्हणतील?"

गुन्हा शाबीत करता येतो, पण लाज ज्याची त्याच्या पदरात घालता येत नाही. त्या केसने मला एवढंच शिकवलं, आणि ते शिकून माझा राग जराही कमी झालेला नाही. मावशींना मी दर वर्षी वाढदिवसाचा फोन करतो, पंचांग बघून.