गिटारींचे मोजे

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक काका जुन्या गिटारी दुरुस्त करून विकतात. मी एका परदेशी कंपनीचं नाव मनात धरून तिथे गेले, तर भिंतीवरच्या प्रत्येक गिटारीच्या डोक्यावर जुना मोजा चढवलेला. जिथे कंपनीचं नाव असतं, नेमकं तेच झाकलेलं.

"काका, हे कशाला?"

"यातली एक मी बनवलीय. तिच्यावर नाव नाही ना, म्हणून कुणी वाजवूनच बघत नव्हतं. मग म्हटलं, घाला सगळ्यांनाच मोजे! वाजव तू."

मला कुणासमोर वाजवता येत नाही. त्यांना ते कळलं असावं, कारण ते माझ्याकडे पाठ करून एका फळीवर पॉलिश पेपर घासत बसले. मी एकेक वाजवत गेले. एका गिटारीचा खालचा सूर पोटाशी बराच वेळ घुमत राहिला.

"ही घेते," मी हळूच म्हणाले.

घासण्याचा आवाज थांबला. "मोजा काढून बघ."

मी काढला. खाली नुसतं लाकूड होतं.

"नाव नाहीये, काका."

ते वळले नाहीत. फक्त हात मागे आला.

"मोजा दे इकडे. बायको कधीची शोधतेय."